नाऊरूचा फॉस्फेट-उद्योग आणि शाश्वत विकास
नाऊरूचा फॉस्फेट-उद्योग : पश्चिम पॅसिफिक महासागरातील नाऊरू या बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेला व त्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ संपुष्टात आलेला खाणउद्योग. विकसनशील देशांच्या आर्थिक वाढीच्या इतिहासात या उद्योगास त्याच्या आकारमानाच्या मानाने फार मोठे महत्त्व आहे. एकाच नैसर्गिक संपत्तीवर अवलंबून असलेला देश अल्पावधीत जगातील अतिश्रीमंत देशांच्या पंक्तीत कसा जाऊन बसतो आणि ती संपत्ती सरल्यावर तितक्याच वेगाने निष्कांचन कसा होतो, हे नाऊरूच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. संपणारे खनिज विकून मिळालेला पैसा हे उत्पन्न नसून मुख्यतः भांडवलाचे रूपांतर असते. तो उत्पन्न समजून खर्च केल्यास वाढीचे आकडे चढत असतानाच राष्ट्र प्रत्यक्षात दरिद्री होत जाते, हा या इतिहासाचा मुख्य बोध आहे. मात्र नाऊरूच्या बाबतीत या भांडवलाचा मोठा भाग परकीय सत्तांनी आधीच नेला होता, हेही तितकेच खरे आहे.

भूरचना व पारंपरिक जीवन : नाऊरू हे विषुववृत्ताच्या दक्षिणेस सु. ६० किमी. वर असलेले, २१ चौ. किमी. क्षेत्रफळाचे लंबवर्तुळाकार प्रवाळ-बेट होय. भोवती प्रवाळभिंत, तिच्या आत शे-दोनशे मीटर रुंदीचा सुपीक किनारपट्टा आणि मध्यभागी उंचावलेले पठार, अशी त्याची रचना आहे. पठाराने बेटाचा सु. चार-पंचमांश भाग व्यापलेला असून त्याची उंची कोठेही सत्तर मीटरांच्या फारशी वर जात नाही. बेटावर नदी नाही, नैसर्गिक बंदर नाही आणि पर्जन्यमान अनियमित असल्याने दीर्घ अवर्षणे पडतात. नैर्ऋत्येकडील बुआदा हे खारट पाण्याचे लहानसे सरोवर हाच मोठा जलाशय. पठारावरील प्रवाळी चुनखडकाच्या सुळक्यांमधील खळग्यांत फॉस्फेटाचे अत्यंत शुद्ध साठे होते. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतील फॉस्फेटाची चुनखडकाशी दीर्घकाळ विक्रिया होऊन ते बनले असावेत, असे सामान्यतः मानले जाते.

मूळ रहिवासी मायक्रोनीशियन व पॉलिनीशियन वंशमिश्रणाचे असून त्यांची बारा कुळे होती. कुळ मातेकडून ठरे. नारळ, केवड्याच्या जातीच्या झाडांची फळे व समुद्रातील मासे हा त्यांचा मुख्य आहार असे. प्रवाळभिंतीवर पकडलेली माशांची पिले ते गोड्या व मचूळ पाण्याची सवय लावून बुआदा सरोवरात वाढवीत. जमिनीवर व्यक्तींचा व कुटुंबांचा मालकी हक्क असे आणि सरोवराचेही वाटे ठरलेले असत. साधने अल्प असली, तरी त्यांच्या वापराचे नियम निश्चित होते. हजार-दीड हजार लोकांची वस्ती या व्यवस्थेवर शतकानुशतके टिकून होती.

इंग्रज कप्तान जॉन फर्न याने १७९८ मध्ये हे बेट पाहिले व त्यास ‘रम्य बेट’ अशा अर्थाचे नाव दिले. १८३० नंतर देवमाशांची शिकार करणारी जहाजे अन्नपाण्यासाठी येथे थांबू लागली. त्यांवरून पळालेले खलाशी बेटावर राहिले आणि त्यांच्याबरोबर बंदुका व मद्य आले. १८७८ मध्ये कुळाकुळांत पेटलेली यादवी दहा वर्षे चालली. १८८८ मध्ये जर्मनीने बेट आपल्या अंमलाखाली आणून शस्त्रे जप्त केली, तेव्हा लोकसंख्या सु. ९०० पर्यंत खाली आली होती.

वसाहतकालीन खाणकाम : फॉस्फेटाचा शोध योगायोगाने लागला. नाऊरूवरून आणलेला एक दगड सिडनी येथील एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत दार उघडे ठेवण्यासाठी वापरला जात असे. तो अश्मीभूत लाकडाचा तुकडा आहे, अशी समजूत होती. १८९९ मध्ये आल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याने त्याचे रासायनिक परीक्षण केले, तेव्हा तो उच्च प्रतीचा फॉस्फेट खडक असल्याचे आढळले. पुढील वर्षी एलिसने नाऊरू आणि तेथून पूर्वेस सु. ३०० किमी. वर असलेले बानाबा (ओशन) बेट, या दोन्ही ठिकाणच्या साठ्यांची खात्री करून घेतली. बानाबावर ब्रिटिश सत्तेखाली लगेच खाणकाम सुरू झाले. नाऊरूवर जर्मन कंपनीशी करार करून पॅसिफिक फॉस्फेट कंपनीने खाणी सुरू केल्या व १९०७ पासून निर्यात होऊ लागली. नाऊरूच्या जमीनमालकांस सुरुवातीच्या काळात मिळणारे स्वामित्वशुल्क दर टनास अर्धा पेनी इतके नगण्य होते.

या खडकाला एवढे महत्त्व येण्याचे कारण ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील जमिनीत होते. या देशांतील, विशेषतः ऑस्ट्रेलियातील, मृदांमध्ये फॉस्फरसाचे प्रमाण फार कमी असते. फॉस्फेट खडकावर सल्फ्यूरिक अम्लाची प्रक्रिया करून तयार होणारे सुपरफॉस्फेट खत घातल्यावर तेथील गहू व कुरणे यांचे उत्पादन पुष्कळच वाढे. गहू, लोकर, मांस व दुग्धजन्य पदार्थ यांच्या निर्यातीवर उभ्या असलेल्या या अर्थव्यवस्थांना स्वस्त फॉस्फेट ही मोठी गरज होती.

पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी, १९१४ मध्ये, ऑस्ट्रेलियन फौजांनी नाऊरू घेतले. १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी आपापसांत करार करून कंपनीचे हक्क ३५ लाख पौंडांस विकत घेतले व खाणकामासाठी ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’ हे तिन्ही सरकारांच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमले. फॉस्फेटाच्या वाटपात ब्रिटन व ऑस्ट्रेलिया यांना प्रत्येकी ४२ टक्के आणि न्यूझीलंडला १६ टक्के असे हिस्से ठरले. त्यानंतर १९२० मध्ये राष्ट्रसंघाने मँडेट पद्धतीनुसार हा प्रदेश याच तीन राष्ट्रांच्या वतीने कारभारासाठी सोपविला; प्रत्यक्ष कारभार ऑस्ट्रेलियाकडे राहिला. मँडेट पद्धतीत स्थानिक लोकांचे कल्याण ही कारभारी राष्ट्राची पवित्र जबाबदारी मानलेली होती. पण फॉस्फेटाची मालकी व वाटणी मँडेटपूर्वीच ठरून गेली होती. मंडळ फॉस्फेट जागतिक बाजारभावाने न विकता उत्पादनखर्चाच्या आसपासच्या दराने भागीदार देशांतील खत-कारखान्यांना पुरवीत असे. त्यामुळे खनिजाच्या मूल्याचा मोठा भाग कोणत्याही हिशेबात नफा म्हणून न दिसता स्वस्त खताच्या रूपाने परदेशातील शेतीला मिळत गेला.

खाणींत मुख्यतः चिनी व गिल्बर्ट बेटांवरील मजूर काम करीत. वरची झाडी व माती काढून टाकायची, सुळक्यांमधील फॉस्फेट खणून काढायचे आणि पुढे सरकायचे, अशी कामाची पद्धत होती. खणून झालेल्या जागी कित्येक मीटर उंचीचे उघडे चुनखडकी सुळके व त्यांमधील खोल खड्डे तेवढे शिल्लक राहत. तेथे ना शेती करता येई ना घर बांधता येई. केवड्याची बने गेली व समुद्रपक्ष्यांचा आसराही कमी झाला.

महायुद्ध, विश्वस्त कारभार व स्वातंत्र्य : साथीचे रोग व लोकसंख्येचा ऱ्हास यांमुळे, समाज म्हणून टिकून राहण्यासाठी किमान १,५०० लोकसंख्या हवी, असे नाऊरूवासीयांत मानले जाऊ लागले. हा आकडा २६ ऑक्टोबर १९३२ रोजी गाठला गेला. तो दिवस ‘अंगाम’ (पुनरागमनाचा आनंद) या नावाने राष्ट्रीय सण म्हणून पाळतात. दुसऱ्या महायुद्धात मात्र पुन्हा घात झाला. डिसेंबर १९४० मध्ये जर्मन युद्धनौकांनी फॉस्फेटाची जहाजे बुडविली व बेटावरील यंत्रसामग्रीवर तोफा डागल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानने बेट व्यापले आणि पुढील वर्षी सु. १,२०० नाऊरूवासीयांना सु. १,६०० किमी. दूरच्या ट्रक (सध्याचे चुऊक) बेटांवर सक्तमजुरीसाठी नेले. त्यांपैकी अवघे ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी परत आले. उपासमार व रोग यांमुळे उरलेले परदेशीच मृत्यू पावले.

१९४७ मध्ये नाऊरू संयुक्त राष्ट्रांचा विश्वस्त प्रदेश बनला व त्याच तीन राष्ट्रांकडे सोपविला गेला. खाणकाम पूर्वीपेक्षा अधिक वेगाने सुरू झाले. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या स्थानिक शासन परिषदेने, विशेषतः तिचे प्रमुख हॅमर डीरोबर्ट यांनी, स्वामित्वशुल्काच्या वाढीची व खाणींच्या मालकीची मागणी सातत्याने लावून धरली. साठे संपल्यावर या बेटावर राहणे शक्य होणार नाही, असे गृहीत धरून कारभारी राष्ट्रांनी संपूर्ण समाजाचे पुनर्वसन करण्याची योजना मांडली. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळील कर्टिस बेट सुचविण्यात आले. तेथे आपले पृथक राजकीय अस्तित्व राहणार नाही, हे दिसून आल्यावर नाऊरूवासीयांनी १९६४ मध्ये ही योजना नाकारली. खणलेली जमीन पुन्हा वापरण्याजोगी करून द्यावी, या त्यांच्या मागणीला मात्र ठोस उत्तर मिळाले नाही.

१९६७ च्या करारान्वये नाऊरूने फॉस्फेट-उद्योगाची मालमत्ता २.१ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांस विकत घेण्याचे ठरविले. ट्रकहून परत आल्याच्या स्मृतिदिनी, म्हणजे ३१ जानेवारी १९६८ रोजी, देश स्वतंत्र झाला व डीरोबर्ट पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९७० मध्ये उद्योगाची सूत्रे नाऊरू फॉस्फेट महामंडळाकडे आली. त्या वेळेपर्यंत बेटाचा सु. एक-तृतीयांश भाग खणून निकामी झालेला होता.

समृद्धीची दोन दशके : स्वतंत्र नाऊरूने फॉस्फेट बाजारभावाने विकण्यास प्रारंभ केला. १९७४ च्या सुमारास जागतिक बाजारात फॉस्फेट खडकाची किंमत चौपटीहून अधिक वाढली, तेव्हा काही हजार लोकवस्तीच्या या देशाचे दरडोई उत्पन्न जगातील सर्वाधिक उत्पन्नांत गणले जाऊ लागले. लोकांवर प्राप्तिकर नव्हता. शिक्षण व वैद्यकीय उपचार मोफत होते. खाणीतील मजुरी परदेशी कामगार करीत व नाऊरूवासीयांना शासकीय नोकऱ्या मिळत. जमीनमालकांना स्वामित्वशुल्क मिळे. परंतु वारसाहक्काने जमिनीचे वाटे पडत गेल्याने एकेका भूखंडाचे अनेक वाटेकरी झाले होते.

फॉस्फेट कधी ना कधी संपणार, याची जाणीव राज्यकर्त्यांना होती. म्हणूनच उत्पन्नाचा एक भाग विश्वस्त निधीत ठेवण्याची व्यवस्था झाली. त्यात दीर्घकालीन गुंतवणूक, जमीनमालकांचे हक्क, घरबांधणी आणि खणलेल्या जमिनीचे पुनरुज्जीवन यांसाठी वेगवेगळे निधी होते. या निधीतून परदेशांत स्थावर मालमत्ता घेण्यात आली. मेलबर्न येथील ‘नाऊरू हाऊस’ ही १९७७ मध्ये पूर्ण झालेली ५२ मजली इमारत त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. ‘एअर नाऊरू’ या राष्ट्रीय विमानकंपनीकडे बेटाच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक विमाने होती आणि ती सतत तोट्यात चाले.

या समृद्धीची किंमत लोकांच्या प्रकृतीलाही मोजावी लागली. मासे, नारळ व फळे यांची जागा आयात केलेला तांदूळ, साखर, डबाबंद मांस व मद्य यांनी घेतली; शारीरिक श्रम कमी झाले. १९७५ नंतरच्या वैद्यकीय पाहण्यांत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण जगातील अत्युच्च प्रमाणांपैकी असल्याचे आढळून आले. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यांत या हानीची नोंद कोठेच होत नव्हती. उलट औषधोपचारांवरील खर्च मात्र राष्ट्रीय उत्पन्नात मिळविला जात होता.

उत्पन्न व भांडवल यांतील भेद : जे खर्च करूनही वर्षाच्या अखेरीस आपली स्थिती पूर्वीइतकीच चांगली राहते, ते उत्पन्न, अशी व्याख्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये मांडली होती. या कसोटीस नाऊरूचे फॉस्फेट-उत्पन्न उतरत नाही. कारण दरवर्षी निर्यात होणाऱ्या खनिजाइतके राष्ट्राचे भांडवल कमी होत होते. यंत्रसामग्रीची झीज राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात वजा करतात. खनिजसाठ्याची झीज मात्र प्रचलित पद्धतीत वजा केली जात नसे. त्यामुळे खाण जितक्या वेगाने रिकामी होईल, तितकी अर्थव्यवस्था अधिक वेगाने वाढत असल्याचे चित्र उभे राहते.

या पैशाचा किती भाग खर्च करावा व किती गुंतवावा, हे ठरविण्याची एक सोपी रीत जागतिक बँकेतील अर्थशास्त्रज्ञ सलाह एल् सेराफी यांनी १९८९ मध्ये सुचविली. साठा संपल्यावरही खर्च करण्याजोगी रक्कम कायम मिळत राहावी, एवढे भांडवल बाजूला टाकत जावे, हे तिचे तत्त्व होय. या रीतीनुसार साठा ३० वर्षे पुरणार असेल व गुंतवणुकीवर ५ टक्के व्याज मिळणार असेल, तर खर्च वजा जाता मिळणाऱ्या दर १०० रुपयांमधील सु. २२ रुपये गुंतविले पाहिजेत. साठा १० वर्षेच पुरणार असेल, तर हीच रक्कम सु. ५८ रुपये होते. म्हणजे अखेर जवळ येईल तसतशी काटकसर वाढवावी लागते. नाऊरूमध्ये याच्या उलट घडले. उत्पादन घटू लागल्यावरही शासकीय खर्च पूर्वीच्याच पातळीवर राहिला आणि तूट भरून काढण्यासाठी बाजूला टाकलेल्या भांडवलालाच हात घालावा लागला. शिवाय बाजूला टाकलेला पैसा उत्पादक रीत्या गुंतला पाहिजे, ही अट असतेच. कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञ जॉन हार्टविक यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या नियमातही संपणाऱ्या साधनसंपत्तीपासून मिळणारा सर्व खंड टिकाऊ भांडवलात गुंतविण्यावर भर दिला आहे.

निधीचा ऱ्हास : १९९० च्या सुमारास विश्वस्त निधीचे मूल्य एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक असल्याचे सांगितले जाई. पुढील पंधरा वर्षांत त्यातील बहुतेक सर्व भाग नाहीसा झाला. सल्लागारांच्या भरवशावर केलेल्या अविचारी गुंतवणुकी हे एक कारण होते. १९९३ मध्ये लंडन येथे रंगभूमीवर आलेले व लगेच बंद पडलेले एक संगीत नाटक हे त्याचे बहुचर्चित उदाहरण आहे. विमानकंपनीचा तोटा, हिशेबतपासणीतील ढिलाई आणि वारंवार होणारे सत्तांतर ही अन्य कारणे होत. परंतु सर्वांत मोठे कारण म्हणजे अंदाजपत्रकातील तूट भागविण्यासाठी निधीची मालमत्ता गहाण ठेवून काढलेली कर्जे. निधीतून पैसे काढण्यावर परिणामकारक निर्बंध नव्हते. ज्यांनी ते घालावयाचे, त्यांनाच त्या पैशाची निकड होती. १९९० नंतर नाऊरूने परदेशी बँकांना नाममात्र नोंदणीची सवलत देऊन उत्पन्न मिळविण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे बेनामी पैशाचे केंद्र म्हणून २००० मध्ये देशाचे नाव आंतरराष्ट्रीय काळ्या यादीत गेले व ते २००५ मध्ये निघाले. २००४ मध्ये धनकोंनी मालमत्तेवर ताबा मिळविला व ‘नाऊरू हाऊस’ विकले गेले. डिसेंबर २००५ मध्ये विमानकंपनीचे अखेरचे विमान जप्त झाले. राष्ट्रीय बँकेला ठेवीदारांचे पैसे परत देता येईनात. फॉस्फेटाची निर्यात तोपर्यंत नाममात्र उरली होती.

आंतरराष्ट्रीय न्यायालयातील दावा : स्वातंत्र्यापूर्वी खणल्या गेलेल्या जमिनीच्या पुनरुज्जीवनाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न नाऊरूने सोडला नव्हता. त्याच्या चौकशीसाठी डिसेंबर १९८६ मध्ये श्रीलंकेचे विधिज्ञ क्रिस्टोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. आयोगाच्या अहवालाच्या आधारे मे १९८९ मध्ये नाऊरूने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. १ जुलै १९६७ पूर्वी निकामी झालेल्या जमिनीबाबत विश्वस्त या नात्याने असलेली कर्तव्ये पाळली गेली नाहीत, असे त्यात प्रतिपादन होते. ब्रिटन व न्यूझीलंड यांच्या अनुपस्थितीत दावा चालू शकत नाही, हा ऑस्ट्रेलियाचा आक्षेप न्यायालयाने २६ जून १९९२ रोजी ९ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला. मात्र मूळ प्रश्नावर निर्णय होण्यापूर्वीच ऑगस्ट १९९३ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली. तीनुसार ऑस्ट्रेलियाने १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे मान्य केले, त्यांपैकी ५.७ कोटी प्रारंभी व उरलेले वीस वर्षांच्या हप्त्यांनी द्यावयाचे होते. ब्रिटन व न्यूझीलंड यांनीही त्यात आपला वाटा उचलला. पर्यावरणाच्या हानीबद्दल विश्वस्त राष्ट्र कितपत उत्तरदायी असते, याचा न्यायालयीन निवाडा मात्र त्यामुळे झाला नाही. १९९७ च्या कायद्यान्वये पुनरुज्जीवन महामंडळ स्थापन झाले. तथापि खणलेल्या क्षेत्रापैकी अगदी लहान भागच आजवर वापरण्याजोगा करता आला आहे.

बानाबाशी तुलना : सु. ६ चौ. किमी.च्या बानाबा बेटाचा इतिहास नाऊरूशी समांतर असला, तरी त्याचा शेवट वेगळा झाला. गिल्बर्ट बेटांच्या (सध्याचे किरिबाती) वसाहती सरकारने १९५६ मध्ये तेथील फॉस्फेटाच्या उत्पन्नातून एक राखीव निधी उभारला. १९७९ मध्ये, किरिबाती स्वतंत्र झाले त्याच वर्षी, बानाबावरील फॉस्फेट संपले. परंतु निधी मुख्यतः परदेशी रोख्यांत विखरून गुंतविलेला असल्याने व त्यातून मर्यादित रकमाच काढल्या गेल्याने तो टिकला, वाढला आणि आजही किरिबातीच्या अंदाजपत्रकाचा एक आधार आहे. एकाच प्रकारच्या खनिजापासून मिळालेल्या पैशाचे दोन शेजारी देशांत झालेले हे दोन परिणाम पाहिले, म्हणजे नैसर्गिक संपत्ती स्वतः शाप वा वरदान नसून तिच्या विनियोगाचे नियम निर्णायक ठरतात, हे लक्षात येते.

तथापि निधी टिकला म्हणजे न्याय झाला, असे म्हणता येत नाही. ज्यांच्या भूमीतून हे खनिज निघाले, त्या बानाबावासीयांना १९४५ च्या डिसेंबरात फिजीमधील राबी या बेटावर नेऊन वसविण्यात आले होते. त्यांनी लंडन येथील उच्च न्यायालयात दावा लावला; परंतु ब्रिटिश सरकारचे त्यांच्याप्रत असलेले कर्तव्य न्यायालयामार्फत बजावून घेता येण्याजोगे नाही, असा निर्णय १९७६ मध्ये लागला. त्यानंतर त्यांना एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर अनुग्रहपूर्वक देऊ करण्यात आले. किरिबातीने पुढील पिढ्यांसाठी भांडवल राखले, पण ते भांडवल ज्यांच्या घरादाराच्या मोलाने उभे राहिले, ते त्या देशाबाहेर राहिले. शाश्वत विकासाच्या चर्चेत आजच्या व उद्याच्या पिढ्यांमधील वाटणीइतकाच आजच्या लोकांमधील वाटणीचा प्रश्नही महत्त्वाचा असतो, तो यामुळे.

अलीकडील परिस्थिती : २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्याकडे समुद्रमार्गे येणाऱ्या आश्रयार्थींना नाऊरूवर ठेवण्याचा करार केला. तेथील केंद्र २००८ मध्ये बंद झाले व २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्यापासून शासनास मोठे उत्पन्न मिळू लागले. परंतु आश्रयार्थींच्या दीर्घ स्थानबद्धतेवर मानवी हक्कांच्या दृष्टीने तीव्र टीका झाली आणि हे उत्पन्नही दुसऱ्या देशाच्या धोरणावर अवलंबून होते. सुळक्यांमध्ये उरलेले फॉस्फेट काढण्याचे दुय्यम खाणकाम २००५ नंतर सुरू झाले. तेही मर्यादितच आहे. त्यामानाने मासेमारी-परवान्यांपासून मिळणारे उत्पन्न अधिक आश्वासक ठरले. ट्यूना माशांच्या धरपकडीवर दिवसांची मर्यादा घालून ते दिवस परदेशी जहाजांना विकण्याची पद्धत १९८२ च्या नाऊरू करारातील राष्ट्रांनी अवलंबिली आहे. साठा न संपविता उत्पन्न मिळविण्याचा हा प्रयत्न फॉस्फेटाच्या इतिहासाच्या नेमका उलट आहे.

२०१५ मध्ये नाऊरूने नवा आंतरपिढी विश्वस्त निधी स्थापन केला. त्यात देणगीदार राष्ट्रांचाही सहभाग असून पैसे काढण्यावर कडक निर्बंध आहेत. २०२१ मध्ये सागरतळावरील धातुखनिजांच्या खाणकामाचे नियम दोन वर्षांत पूर्ण करण्याची मागणी नाऊरूने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाकडे केली. संपणाऱ्या खनिजावर पुन्हा एकदा भविष्य उभारण्याचा हा विचार जगभर वादाचा विषय झाला आहे.

सर्वांत बिकट प्रश्न मात्र जमिनीचा आहे. सु. १२,००० लोकसंख्येपैकी बहुतेक सर्व लोक सखल किनारपट्ट्यात राहतात. समुद्राची पातळी वाढत असताना त्यांना सरकण्यासाठी उंच जागा हवी आणि बेटावरील उंच जागा म्हणजे खणलेले पठारच होय. लोकवस्ती पठारावर हलविण्याची योजना शासनाने आखली असून तिच्या खर्चासाठी २०२५ मध्ये परदेशी व्यक्तींना किमान १,०५,००० अमेरिकन डॉलरांस नागरिकत्व देण्याची योजना सुरू केली. एकेकाळी परदेशांतील कुरणांसाठी खणलेली जमीन पुन्हा राहण्याजोगी करणे, ही आता राष्ट्राच्या अस्तित्वाची अट बनली आहे.

महत्त्व : पर्यावरण व विकासविषयक जागतिक आयोगाने नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंट्लान यांच्या अध्यक्षतेखाली १९८७ मध्ये सादर केलेल्या अहवालात, पुढील पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या क्षमतेला बाध न आणता आजच्या गरजा भागविणारा विकास, अशी शाश्वत विकासाची कल्पना मांडली. त्या वेळी नाऊरूचे दरडोई उत्पन्न अनेक औद्योगिक राष्ट्रांच्या तोडीचे मानले जाई. या कल्पनेच्या कसोटीवर मात्र त्याची स्थिती तेव्हाच चिंताजनक होती. खनिज तेल, तांबे, लाकूड वा भूजल यांवर अवलंबून असलेल्या अनेक विकसनशील देशांत हीच प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर व संथ गतीने चालू असते. क्षेत्र विस्तीर्ण असल्याने ती दृष्टीस पडत नाही, एवढेच. नाऊरूमध्ये ती २१ चौ. किमी. क्षेत्रात व एका माणसाच्या आयुष्याइतक्या काळात पूर्ण झाली. साधनसंपत्तीच्या झिजेची हिशेबात नोंद करणे, तिच्यापासून मिळणारा पैसा तात्कालिक निकडीच्या हाती लागणार नाही अशा नियमांनी बांधणे, जमिनीची हानी त्याच काळात व त्याच खर्चात भरून काढणे आणि ज्यांच्या भूमीतून संपत्ती निघते त्यांना तिचे योग्य मोल देणे, या चार गोष्टींपैकी वसाहती राजवटीने एकही केली नाही. स्वतंत्र राष्ट्राने बाजारभावाचे मोल मिळविले. परंतु उरलेल्या तीन गोष्टी त्याच्याकडून वेळेवर झाल्या नाहीत.